हेल्मीमावशीनं टर्की मुरत घातली तेव्हा

लेम्पीआत्याची टर्की कोरडी असते हे आमच्या अख्ख्या गावाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त लेम्पीआत्याला. निदान आमचा तसा समज होता.

दर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला दुपारी आम्ही तिच्या घरी जमायचो. आर्विडकाका डोळे मिटून प्रार्थना म्हणायचे. मग ती टर्की टेबलावर यायची. दिसायला अशी राजबिंडी की बघत राहावं! कातडी तांबूस, चकचकीत, तंगड्या दोऱ्यानं नीट बांधलेल्या. पण सुरी लागली की आतून भुसा निघायचा. आम्ही त्या भुशावर ग्रेव्ही ओतायचो, परत ओतायचो, आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळून म्हणायचो, "वा, आत्या!" काकांचा मित्र एल्मर जन्मभर सरोवरावरच्या मालवाहू बोटींवर काम केलेला, त्याच्या जिभेला हाड नाही. तो एकदा माझ्या कानाशी लागून म्हणाला होता, "इंगा, बोटीला भोक पडलं तर ही टर्की ठोकून बसवता येईल. थेंब आत येणार नाही."

लेम्पीआत्या म्हणजे आर्विडकाकांची थोरली बहीण, आणि माझ्या हेल्मीमावशीची नणंद. नणंद-भावजयीचं नातं जगात कुठंही जा, तेच. मावशी लग्न होऊन आली त्या वर्षीच तिनं विचारलं होतं, "लेम्पी, या वेळी टर्की मी करू का?" तेव्हा आत्या म्हणाली होती, "तू वेलदोड्याचे बन आण. बन तुला छान जमतात." त्यानंतर मावशीचे केस पिकले, तिची मुलं मोठी होऊन दूरदूरच्या गावी पांगली, पण उत्तर बदललं नाही. दर ऑक्टोबरात मावशी विचारायची आणि दर ऑक्टोबरात तिच्या वाट्याला बनच यायचे.

मग त्या वर्षी आत्याचा गुडघा बदलावा लागला. नवरा कधीच गेलेला, घर सरोवराच्या टोकाला, एकटीच बाई. काका जाऊन तिला आपल्या घरी घेऊन आले. बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर एक पाय उशीवर ठेवून ती बसली, आणि तिथून तिनं मावशीचं घर चालवायला घेतलं. बटाट्याची सालं जाड निघतायत. कॉफी पातळ झालीय. फडकं असं पिळतात का कोणी? मावशी ऐकून घ्यायची, पण मी संध्याकाळी डोकावले की मला अंगणात घेऊन जायची आणि लाकडं फोडायला लागायची. त्या शरद ऋतूत त्या घरी जेवढं सरपण फुटलं तेवढं दोन हिवाळ्यांना पुरलं असतं.

एक दिवस जेवताना आत्यानंच विषय काढला.

"यंदा टर्कीचं काय करायचं?"

काकांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

"मी करीन की," मावशी म्हणाली.

"तू?"

"मग काय, तुझ्या गुडघ्याला सांगू?"

आत्यानं काटा खाली ठेवला. "बन कोण करणार मग?"

"बनही मीच करीन."

वर्तमानपत्रामागून काकांचे खांदे हलताना मला दिसले.

आता यात माझाही हात होता, तो सांगितला पाहिजे. माझी एक मैत्रीण टेनेसीची. तिच्या घरी एकदा मी टर्की खाल्ली होती आणि त्या दिवशी मला कळलं की हा पक्षी रसाळही असू शकतो. तिची आई सबंध टर्की भाजायच्या आधी एक अख्खा दिवस-रात्र मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची. हे मी मावशीला सांगितलं, तेव्हा ती पावाचं पीठ मळता मळता थांबली.

"पाण्यात ठेवल्यावर पचपचीत नाही व्हायचा?"

"उलट. मीठ आत शिरतं आणि रस धरून ठेवतं. भाजताना बाहेर पळू देत नाही."

"आणि खारट?"

"मीठ बेतानं घालायचं. थोडी तांबडी साखर, मिरी, तमालपत्र, संत्र्याची साल. पाणी उकळून पुरतं गार करायचं, मग पक्षी बुडवायचा. जागा मात्र थंड हवी."

"थंडीचं काय, आपल्याकडे थंडीच पिकते," मावशी म्हणाली आणि परत पिठाला भिडली. त्या पिठाच्या गोळ्यावर तिनं अशा काही बुक्क्या मारल्या की ठरलं हे मला कळलं.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही दोघी कामाला लागलो. पातेल्यात मसाल्याचं पाणी उकळायला लागलं तसा घरभर वास सुटला आणि काठी टेकत आत्या दारात आली. ओट्यावर टर्की उघडी पडलेली, शेजारी नवी कोरी पांढरी बादली.

"हे काय चाललंय?"

"टर्की मिठाच्या पाण्यात मुरत घालतेय," मावशीनं सांगितलं.

"पक्षी आहे की लोणचं?"

"पक्षी आहे."

"देवानं पक्षी हवेसाठी केला. पाण्यासाठी मासा केला. आमच्या आईनं कधी..."

"तुमच्या आईनं खूप काही केलं नाही, लेम्पी. आगगाडीत बसली नाही, दात नीट करून घेतले नाहीत. म्हणून काय मीही तशीच राहू?"

नणंद भावजयीला पाण्यात पाहते म्हणतात. आमच्या आत्यानं त्या संध्याकाळी टर्कीलाच पाण्यात पाहिलं. ओठ घट्ट मिटून तिनं बादलीत एक नजर टाकली आणि जेवायला न थांबता झोपायला गेली. दार आपटायची तिची इच्छा असावी, पण काठी मध्ये आली.

फ्रीज भोपळ्याचं गोड सारण भरलेल्या 'पाय'च्या थाळ्यांनी, लोण्यानं आणि क्रॅनबेरीच्या आंबटगोड चटणीच्या भांड्यांनी गच्च भरलेला. त्या बादलीला त्यात जागा कुठली? बाहेर उघड्यावर ठेवावी तर रॅकून, ती रात्रीची चोरटी जनावरं, येऊन मेजवानी करणार. मावशीलाच सुचलं. मागच्या अंगणात लाकडी सौना आहे, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायचं न्हाणीघर. त्याची आतली खोली तापते, पण कपडे बदलायची बाहेरची खोली एरवी फ्रीजसारखीच गार. दाराला कडी भक्कम. काका तर हरणांच्या शिकारीला रानातल्या झोपडीत गेलेले, सौना तापवायला घरी कोणी नाही. आम्ही दोघींनी बादली उचलून नेली, पक्षी वर येऊ नये म्हणून त्यावर थाळी आणि थाळीवर धोंडा ठेवला, वरून फळी झाकली आणि कडी घातली. मावशीनं जाता जाता त्या फळीवर हात ठेवला.

बुधवारी दुपारी आम्ही साय आणि राहिलेलं सामान आणायला शहरात गेलो. वाटेत बर्फ भुरभुरत होता. मावशी गाडीत गाणं गुणगुणत होती. मी तिला गुणगुणताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

इकडं घरी काय झालं ते आम्हाला मागाहून तुकड्यातुकड्यानं कळलं. काका आणि एल्मर शिकारीहून एक दिवस आधीच परतले. हरीण मिळालं नव्हतं, दाढ्या तेवढ्या वाढल्या होत्या. अंगाला धुराचा, पायमोज्यांचा आणि काय काय वास. रानातून आलेला आमच्याकडचा माणूस आधी काय करील? सौना पेटवील. काकांनी शेगडीत लाकडं रचली. कोपऱ्यात फळी झाकलेली बादली दिसली. सौनात बादली दिसली तर तिच्यात पाणी असणार, दुसरं काय असणार? फळी जराशी सरकवून त्यांनी खात्री केली. पाणीच होतं. हेल्मीनं पाणी भरून ठेवलंय, चला, एक खेप वाचली, असं म्हणून ते खूश झाले.

सौनाचा पहिला मान त्या घरात वडीलधाऱ्याचा. म्हणून आत्या आधी गेली. चष्म्यावर वाफ धरते म्हणून चष्मा घरी काढून ठेवलेला. बाहेरच्या खोलीतला दिवा गेलेला. काकांनी सांगितलंच होतं, "पाणी कोपऱ्यातल्या बादलीत आहे." तिनं फळी बाजूला केली, लहान बादलीनं कडेकडेनं पाणी काढून घेतलं आणि आत जाऊन बाकावर बसली.

आम्ही परतलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. गाडी अंगणात वळली आणि मावशीचं गुणगुणणं तुटलं.

"इंगा, सौनाच्या धुराड्यातून धूर येतोय."

ती दार उघडं टाकून धावली. मी मागोमाग. आम्ही पोचतो न पोचतो तोच सौनाचं दार उघडलं आणि वाफेच्या लोटातून लेम्पीआत्या बाहेर आली. अंगावर जाड टॉवेलचा झगा, पायात काकांचे गमबूट, चेहरा बिटासारखा लाल. आणि ती हसत होती! मला नीट आठवतं, माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की बाईला झटका आला.

"हेल्मी!" ती म्हणाली. "अगं, उभ्या आयुष्यात असा सौना झाला नाही मला! पाण्यात काय घातलंस तू? दगडावर पाणी टाकलं की काय वास येत होता गं! संत्र्याचा, तमालपत्राचा... गुडघा बघ, गुडघा!" तिनं काठी वर उचलून दाखवली. "आणि भूक अशी लागलीय म्हणून सांगू!"

मावशीनं सौनाच्या उघड्या दाराकडं पाहिलं. "लेम्पी... पाणी कुठल्या बादलीतलं घेतलंस?"

"कोपऱ्यातल्या. दुसरी होती कुठं?"

मावशी तिला ओलांडून आत गेली. मी मोटारीतला विजेरीचा दिवा आणला होता तो धरला. बादलीतलं पाणी अर्ध्यावर आलं होतं. थाळी कलंडलेली. आणि पाण्याबाहेर दोन गुलाबी तंगड्या छताकडं पाय करून निवांत पडल्या होत्या, जणू तिसरं कोणी सौना घेत होतं.

आत्या डोळे बारीक करून वाकली. "हे काय आहे?"

"उद्याचं जेवण," मी म्हटलं.

आत्यानं जीभ ओठांवरून फिरवली, चव घेतली, परत फिरवली.

"तरीच," ती म्हणाली, "मघापासून म्हणतेय, घाम इतका खारट कसा?"

दारात एल्मर उभा होता. त्याच्या नाकातून एक आवाज आला, आणि मग तो दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. "आर्विड!" त्यानं हाक मारली. "ये लवकर! तुझी बहीण मुरवून तयार आहे, फक्त भाजायची राहिलीय!"

काका आले, त्यांनी बादली पाहिली, बायकोचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं. कारण मावशी हसत नव्हती. ती सौनाच्या पायरीवर बसली होती, हातमोजे मांडीवर, डोळे भरलेले.

"एकदा," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत एकदाच मिळाली होती मला."

तिनं ते कोणाला उद्देशून म्हटलं नाही. पण आत्यानं ते ऐकलं. तिचं हसू कुठल्या कुठं गेलं. ती तशीच वाफाळत्या डोक्यानं काठी टेकत आत वळली आणि तिनं सबंध हात कोपरापर्यंत बादलीत घातला.

"गार आहे," ती म्हणाली. "वरून जरा मऊ पडलंय, तळाशी अजून बर्फासारखं गार आहे. हेल्मी, ऊठ. रडायला नंतर सबंध हिवाळा पडलाय. आर्विड, बादली बाहेर काढ. बाहेर, बर्फात! एल्मर, दात काय दाखवतोस, फावडं आण. इंगा, चुलीवर पाणी चढव, मीठ काढ!"

मग अंगणात जी धांदल उडाली ती बघायला गाव हवं होतं. काकांनी बादली बर्फाच्या ढिगात रोवली. एल्मर फावड्यानं भोवती बर्फ चढवत होता. आत्या झग्यावर, गमबुटात, डोक्यातून धूर निघतोय, काठीनं दाखवत उभी. "इकडं कमी पडलाय. इकडं! पक्ष्याला झाकायचाय, तुला बाहुला करायचा नाहीये!" मावशी म्हणाली, "लेम्पी, आत जा, थंडी भरेल." तेव्हा आत्या म्हणाली, "मला थंडी भरायची नाही. मला मीठ लागलंय."

घरातलं मीठ पुरेना. एल्मर धावत जाऊन पायऱ्यांवरून एक पोतं घेऊन आला.

"अरे मेल्या, ते रस्त्यावरचा बर्फ वितळवायचं मीठ!" मावशी ओरडली.

"मीठ ते मीठ."

"तू खा मग ते. आम्ही तुला उद्या आधी वाढू."

शेवटी काका शेजारून मीठ मागून आले. मी नवं पाणी केलं, मावशीनं त्यात परत साल, मिरी, पानं घातली, भांडं बर्फात फिरवून फिरवून गार केलं. जुनं पाणी फेकलं, पक्षी धुतला, नव्या पाण्यात बुडवला. या वेळी बादली स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बर्फात पुरली आणि वर ओंडका ठेवला. रॅकूनचं काय, असं मावशीनं विचारलं, तर आत्यानं आपली खुर्ची ओढून खिडकीशी नेली.

"येऊ दे कोण येतो ते," ती म्हणाली आणि काठी मांडीवर आडवी घेतली.

काका आणि एल्मर नंतर सौनात जाऊन आले. साध्या पाण्यात मजा नाही म्हणून एल्मर कुरकुरत होता.

कॉफी झाली. या खेपेला आत्या ती पातळ आहे असं म्हणाली नाही. ती खिडकीबाहेर बादलीवर नजर ठेवून होती. मग एकदम म्हणाली, "हेल्मी, माझी टर्की कोरडी असते ते मला ठाऊक आहे."

एल्मरनं छताकडं बघायला सुरुवात केली.

"छे, लेम्पी, कोण म्हणतं..." मावशी बोलायला लागली.

"कोणी म्हणायला कशाला हवं? मीही तीच खाते ना?" आत्यानं कप खाली ठेवला. "लग्न झालं त्या वर्षी पहिली टर्की मी केली. वय ते काय माझं. सासरची सगळी माणसं टेबलाला. मामंजींनी सुरी घातली तर आत हाडाशी लाल. सुरी ठेवली, टोपी घेतली आणि जाता जाता दारातून म्हणाले, 'सूनबाई, खिडक्या बंद ठेव, नाहीतर उडून जाईल.' सगळे हसले. पुढं किती तरी वर्षं मला बघितलं की हातांचे पंख करून दाखवायचे."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? ठरवलं, कोरडी म्हणाले तर म्हणू देत, कच्ची म्हणून कोणी उठून जाणार नाही. शिजली असं वाटलं की वर आणखी दोन तास." ती जराशी हसली. "आणि तुझ्या हातात दिली असती आणि तुझी कच्ची राहिली असती, तर? तुलाही त्यांनी पंख दाखवले असते. बन कधी कच्चे राहत नाहीत."

मावशीनं आपली खुर्ची तिच्याकडं वळवली. "म्हणजे एवढी वर्षं मला वाचवत होतीस होय?"

"अर्धं तुला," आत्या म्हणाली. "अर्धं मला मिरवायला आवडतं."

गुरुवारी सकाळी मी पोचले तेव्हा ओव्हनपाशी दोघी उभ्या होत्या. टर्की पाण्यातून काढून, पुसून, कोरडी करून, लोणी चोळून आत गेलेली. आत्यानं आपली खुर्ची खिडकीपासून ओव्हनसमोर हलवली होती. ओव्हनच्या दाराच्या काचेशी नाक नेऊन ती पहारा देत होती.

"आताशी रंग यायला लागलाय," ती दर थोड्या वेळानं म्हणायची. "हेल्मी, आच वाढवायची का?"

"नाही."

"जराशी?"

"लेम्पी, त्या बटणाला हात लावलास तर मी तुला अंगणात नेऊन पुरीन. खड्डा तयारच आहे."

कातडीला मधाचा रंग चढला तशी मावशीनं ती बाहेर ओढली. आत्या ताडकन उठली, गुडघ्याचं भान न ठेवता. "एवढ्यात? अगं, एवढ्यात कशी होईल? माझी तर या वेळेला अर्धीही होत नाही!"

मावशीनं सुई असलेला तापमापक तिच्या हातात दिला. "तू बघ. मांडीत खुपस, हाडाला लावू नकोस."

आत्यानं चष्मा सारखा केला. तिनं सुई घातली. काटा चढत गेला, जिथं जायला हवा तिथं गेला आणि आणखी थोडा पुढं गेला. तिनं सुई काढली, दुसऱ्या मांडीत घातली. मग छातीत. मग परत पहिल्या मांडीत.

"चाळणी करशील तिची," मावशी हळूच म्हणाली.

"शिजलीय," आत्या म्हणाली. तिनं ते असं म्हटलं की जणू दवाखान्यातून कोणी सुखरूप बाहेर आल्याचं कळलं होतं.

टेबलाशी आम्ही पाचजण बसलो. काकांनी प्रार्थना म्हटली. नेहमीसारखीच, पण शेवटी त्यांनी "आणि शेजाऱ्यांच्या मिठाबद्दल" एवढं जोडलं. मग त्यांनी सुरी उचलली. मावशी म्हणाली, "थांब. लेम्पी कापेल."

आत्यानं सुरी घातली. छातीचा पहिला काप बाजूला पडला आणि थाळीत रस उतरला, इतका की काप त्यात सरकला. आत्या दचकली. वाकून तिनं रसाचा रंग पाहिला, दिव्याखाली थाळी तिरकी करून पाहिला. स्वच्छ होता, पाण्यासारखा. तिनं श्वास सोडला.

सगळ्यांना वाढलं. एल्मरनं सवयीनं ग्रेव्हीचं भांडं उचललं, मग एक घास तसाच खाल्ला आणि भांडं खाली ठेवलं. काका मावशीकडं बघत होते, मावशी आत्याकडं बघत होती, आणि आत्या चावत होती. सावकाश. फार सावकाश.

"बरी आहे," ती म्हणाली.

आमच्या लोकांत कोणी 'बरी आहे' म्हटलं की समजायचं, माणूस पाघळला. काकांनी लग्नाच्या दिवशी मावशीला 'बरी दिसतेस' म्हटलं होतं, ते ती अजून सांगते. मावशीचे कान लाल झाले. तिनं मान खाली घातली आणि बटाटे कुस्करत बसली. ते आधीच कुस्करलेले होते.

"बरी?" एल्मर म्हणाला. "लेम्पी, इतकी वर्षं मी तुझी..."

टेबलाखाली कोणाचा तरी बूट कोणाच्या तरी नडगीला लागला. एल्मर कळवळला आणि म्हणाला, "...तुझी क्रॅनबेरी खाल्ली. फार छान असते."

"खाल्ल्या मिठाला जागलास," काका म्हणाले.

आत्यानं आणखी एक काप घेतला. मग तंगडी. मग बोटं चोखत म्हणाली, "पुढच्या वर्षी माझ्या घरी. पाय तोवर ठीक होईल."

मावशीचा काटा थांबला. मला वाटलं, आलं परत.

"पण बादली घेऊन तू ये," आत्या म्हणाली. "आधल्या दिवशीच ये. राहायला. पाणी तू करायचंस, तापमापक मी बघणार."

"आणि आच?"

"आच..." आत्या विचारात पडली. तिला जड गेलं, दिसत होतं. "आच तू."

"आणि बन?" मी विचारलं.

दोघींनी एकदम माझ्याकडं बघितलं, आणि ते बघणं मला मुळीच आवडलं नाही.

जेवणं झाल्यावर काका आणि एल्मर फुटबॉल बघता बघता खुर्च्यांतच घोरायला लागले. मी भांडी आवरत होते. खिडकीतून पाहिलं तर मावशी आणि आत्या सरोवराकडं चालल्या होत्या. आत्याच्या एका हातात काठी, दुसरा हात मावशीच्या कोपरात. बर्फात दोघींच्या पावलांची वाकडी ओळ उमटत होती. काठापाशी जाऊन त्या थांबल्या. आत्यानं काठी उचलून पाण्याकडं काहीतरी दाखवलं, मावशीनं मान हलवली, आत्यानं परत दाखवलं, मावशीनं दुसरीकडं हात केला. वाद चांगला रंगात आला होता. मग दोघीही एकदम थांबल्या आणि आत्या हसताना दिसली, तोंड उघडून, खांदे हलवत. आवाज आत येत नव्हता.

त्या परत आल्या तेव्हा नाकं लाल झालेली होती आणि बुटांवर बर्फ. मी विचारलं, "काय भांडत होतात एवढं?"

"भांडत कुठं?" मावशी बूट काढत म्हणाली. "ही म्हणते काठचं पाणी नाताळपर्यंत गोठेल."

"गोठेलच," आत्या म्हणाली. "आणि ही म्हणते जानेवारी उजाडेल. लग्न होऊन आली तेव्हापासून हिला सरोवर कळत नाही. सर, मला चुलीजवळ बसू दे."

मावशी सरली. दोघी चुलीपुढं ओले पायमोजे वाळत घालून बसल्या आणि उरलेल्या तंगडीचा तुकडा कोणी घ्यायचा यावर त्यांचा नवा वाद सुरू झाला.